पाहुण्यांसाठी बंगले, गावकऱ्यांसाठी काय?

मलकापूरच्या बाजारपेठेत दोन व्यापारी एकत्र आले की हल्ली पर्यटनाचा विषय हमखास निघतो. रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम सुरू झाल्यापासून या चर्चेला अधिकच जोर आला आहे. आंबा घाट, विशाळगड, पावनखिंड आणि बर्कीचा धबधबा पाहायला येणाऱ्यांची वाट शाहूवाडी तालुक्यातून जाते. शेजारच्या पन्हाळ्याचा तर 11 जुलै 2025 रोजी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. मराठा लष्करी स्थापत्याच्या ज्या 12 किल्ल्यांना हा मान मिळाला, त्यांत पन्हाळा आहे. आता पाहुणे वाढणार, गाड्या वाढणार आणि त्याबरोबर धंदाही वाढणार, असे सर्वजण धरून चालले आहेत.

आम्ही कापडाचे व्यापारी. धंदा वाढावा असे आम्हालाही वाटते. परंतु या हिशेबात एक रकाना कोरा राहिला आहे आणि तो आम्हाला अस्वस्थ करतो. पाहुण्यांची राहण्याची सोय करणारे गाव आपल्या स्वतःच्या माणसांच्या राहण्याची काय सोय करणार? हॉटेलात भांडी घासणारा, पर्यटकांची जीप चालवणारा, शाळेत शिकवणारा, आमच्या दुकानात ताके उलगडून दाखवणारा माणूस राहणार कुठे? या प्रश्नाला व्यापारी मंडळी समाजकार्याचा प्रश्न समजतात. आमच्या मते तो निव्वळ व्यापाराचा प्रश्न आहे.

ग्राहक कोण?

पर्यटक चहा घेतो, जेवतो, पेट्रोल भरतो आणि मुक्काम करतो. लुगडे, धोतर, शाळेचा गणवेश, चादर किंवा सतरंजी तो मलकापुरात घेत नाही. कापड, भांडी, किराणा आणि लोखंडी सामान या चारही दुकानांचा गल्ला स्थानिक माणसाच्या जिवावर भरतो. पावसाळ्यात रस्ता बंद झाला, पर्यटक फिरकला नाही, तरी सणाला खरेदी करणारा आणि उधारी का होईना पण वर्षाकाठी चुकती करणारा तोच असतो.

कापडाच्या धंद्याचा खरा आधार म्हणजे लग्नसराई. लग्नाचा बस्ता बांधायला एक कुटुंब दुकानात आले, की एका बैठकीत जी विक्री होते ती एरव्ही महिनाभरात होत नाही. बस्ता बांधायला आधी लग्न ठरावे लागते आणि लग्न ठरायला आज पहिला प्रश्न विचारला जातो तो घराचा. मुलगी देणारा बाप मुलाच्या पगाराआधी त्याच्या छपराची चौकशी करतो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. दोन खोल्यांत तीन भावांचा संसार असेल तर चौथ्याचे लग्न लांबते. कंटाळून तो पुण्याची किंवा मुंबईची गाडी धरतो, पुढे तिकडेच त्याचे बिऱ्हाड होते आणि तिकडेच त्याची खरेदी होते. शाहूवाडीच्या डोंगरातून मुंबईला जाणाऱ्या माणसांची परंपरा जुनीच आहे. तिला आपण आणखी एक कारण जोडून देत आहोत.

भाव कोण वाढवतो?

जमिनीचा भाव वाढण्याची रीत सर्व पर्यटनस्थळी सारखीच आढळते. प्रथम एक-दोन हौशी लोक निवांतपणासाठी घर बांधतात. मग त्यांचे मित्र येतात. मग प्लॉट पाडणारे येतात. 1948 च्या कूळ कायद्याच्या कलम 63 प्रमाणे बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही, पण शेतकरी असल्याचा दाखला बाळगणारे खरेदीदार शहरांत कमी नाहीत. आणि बिगरशेती झालेल्या प्लॉटला तर ती अटही लागू नाही. वर्षातून पंधरा दिवस वापरायच्या बंगल्यासाठी शहरातला माणूस जो भाव देऊ शकतो, तो वर्षभर इथे राहणाऱ्या मजुराला, शिक्षकाला किंवा छोट्या दुकानदाराला कधीच देता येणार नाही. ज्या खोल्या पूर्वी मास्तरांना आणि कंपाउंडरला भाड्याने मिळत, त्या शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी राखल्या जातात, कारण दोन रात्रींच्या भाड्यात महिन्याच्या भाड्याचा मोठा हिस्सा वसूल होतो.

यात घरमालकाला दोष देऊन उपयोग नाही. जिथे नफा दिसेल तिथे माणूस जाणारच, आम्हीही तेच करतो. परंतु ज्या बाजारात एका बाजूला शहराचा पैसा आणि दुसऱ्या बाजूला खेड्याचा पगार बोलीला बसतो, तो लिलाव कोण जिंकणार हे आधीच ठरलेले असते. अशा ठिकाणी थोडासा नियम घालणे हे नगरपरिषदेचे, ग्रामपंचायतीचे आणि शासनाचे काम आहे.

कापडधंद्यातला एक धडा येथे सांगण्यासारखा आहे. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते आणि त्यांत कोल्हापूर, सातारा व कोकणातले हजारो होते. पुढे गिरण्या बंद पडल्या आणि जमिनी उरल्या. त्या जमिनींचा काही भाग कामगारांच्या घरांसाठी मिळावा असे ठरले, पण 2001 साली नियम बदलला आणि वाटणी संपूर्ण जमिनीऐवजी फक्त मोकळ्या जागेची होऊ लागली. साहजिकच घरांचा वाटा आक्रसला. म्हाडाने 2012 साली 6,925 घरांची मोठी सोडत काढली, तेव्हा अर्ज करणारे दीड लाखाच्या आसपास होते. संपापासून त्या सोडतीपर्यंत तीस वर्षे गेली आणि अनेकांच्या जागी त्यांचे वारस रांगेत उभे राहिले. यातून घ्यायचा बोध सरळ आहे. जमीन हातात असताना कामगाराचा वाटा बाजूला काढला नाही, तर नंतर तो काढणे जवळजवळ अशक्य होते. मलकापूर, आंबा आणि पन्हाळा परिसरात अजून थोडी जमीन हातात आहे.

योजना आहे, जागा नाही

शासनाच्या योजना आहेत ना, असे कोणी म्हणेल. आहेत, आणि त्यांचा लाभ अनेकांना झाला आहे. प्रधानमंत्री आवास योजना 2015 साली शहरांसाठी आणि 2016 साली ग्रामीण भागासाठी सुरू झाली. नगरपरिषदेच्या हद्दीत स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख व राज्याचे एक लाख असे अडीच लाख रुपये मिळतात. ग्रामीण भागात सपाट प्रदेशासाठी 1 लाख 20 हजार व डोंगराळ प्रदेशासाठी 1 लाख 30 हजार असा केंद्रीय योजनेचा दर आहे. आता हिशेब करून पाहू. साध्या बांधकामाचा खर्च चौरस फुटाला दीड हजार रुपये धरला, तरी 300 चौरस फुटांचे घर साडेचार लाखांना जाते. शहरी हप्ता वजा जाता दोन लाख उरतात. घरातले दोघे कमावते असतील, तर हे ओझे पेलता येते.

खरी अडचण ‘स्वतःच्या जागेवर’ या दोन शब्दांत आहे. ज्याला जागाच नाही त्याला हा हप्ता मिळत नाही. ग्रामीण भागात जागा घेण्यासाठी दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची एक योजना आहे. तिच्यात प्रथम 50 हजार रुपयांपर्यंत मदत मिळे, पुढे ती मर्यादा 1 लाख झाली. ज्या गावात रिसॉर्टवाले आणि बंगलेवाले गुंठ्यागुंठ्यासाठी झटत आहेत, तिथे एक लाखात जागा शोधून दाखवावी असे आमचे नम्र आव्हान आहे. मग लोक गायरानात घरे उभी करतात. गायरानावरील अतिक्रमणांचा प्रश्न 2022 साली मुंबई उच्च न्यायालयापुढे आला आणि राज्यभर नोटिसा निघाल्या, तेव्हा किती कुटुंबे अधांतरी जगत आहेत हे सर्वांना कळले.

मोठ्या शहरांत, म्हणजे दहा लाख व त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत, मोठी गृहयोजना करणाऱ्या विकासकाने 20 टक्के हिस्सा लहान घरांसाठी ठेवावा असा नियम आहे. छोट्या पर्यटन गावाला तो लागू नाही. वास्तविक गावाच्या मानाने बाहेरच्या पैशाचा दाब छोट्या ठिकाणीच जास्त असतो.

घर कशाचे बांधावे?

घर मिळाले की झाले, ते कशाचेही असो, असे आम्ही म्हणणार नाही. सिमेंट तयार करताना चुनखडीचा दगड सुमारे 1450 अंशांपर्यंत तापवावा लागतो. त्यासाठी कोळसा जळतो आणि खुद्द त्या दगडातूनही कर्बवायू बाहेर पडतो. जगातून जेवढा कर्बवायू हवेत जातो, त्यातला सात ते आठ टक्के एकट्या सिमेंटच्या धंद्याचा आहे. पोलाद आणि भट्टीची वीट यांचा हिशेब वेगळा. जुलै 2021 च्या अतिवृष्टीत पन्हाळ्याचा मुख्य रस्ता खचला आणि गडाची वाहतूक बंद पडली, हे आपण पाहिले. पाऊस पूर्वीसारखा राहिलेला नाही, आणि तो असा होण्यात या कर्बवायूचा हात आहे असे शास्त्रज्ञ सांगतात.

येथे एक आक्षेप रास्त आहे. हवामान बिघडवले श्रीमंतांनी आणि मातीच्या घरात राहायचे गरिबांनी, हा कुठला न्याय? आम्हालाही हा न्याय मान्य नाही. कर्बाचा हिशेब प्रथम पोहण्याचे तलाव आणि वातानुकूलित खोल्या बांधणाऱ्यांकडे मागावा. गरिबाच्या घराबाबत आमचे म्हणणे एवढेच की कमी कर्बाचे घर नीट बांधले तर ते स्वस्त पडते आणि आपल्या हवेला अधिक मानवते. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचे तर पत्र्याचे घर टेरिलिनच्या सदऱ्यासारखे असते. चैत्रात अंग भाजते आणि श्रावणात आतून घाम सुटतो. सुती सदरा हवा खेळू देतो.

शाहूवाडी-पन्हाळ्याच्या जुन्या घरांनी हे केव्हाच ओळखले होते. जांभ्याची जाड भिंत, उंच जोते, उतरते कौलारू छप्पर, पागोळी भिंतीपासून दूर पडावी म्हणून पुढे काढलेले वासे आणि झडीच्या दिवसांत पश्चिमेच्या भिंतीला बांधलेली गवताची झडप. कापडाला सर्वांत मोठे भय बुरशीचे असते. पावसाळ्यात आमचा माल जुन्या जांभ्याच्या खोलीत निर्धास्त राहतो आणि नव्या स्लॅबच्या खोलीत मात्र दर आठवड्याला गठ्ठे हलवावे लागतात, हा आमचा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे.

परंतु सरसकट जांभा वापरा असेही म्हणता येत नाही. पश्चिम घाट संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचा पहिला मसुदा 2014 साली आला आणि सहावा 31 जुलै 2024 रोजी, वायनाडच्या भीषण दरडीनंतर लगेच. त्यात शाहूवाडी तालुक्यातील अनेक गावे आहेत. मसुद्यात नव्या खाणींना बंदी असून चालू खाणीही टप्प्याटप्प्याने बंद करायच्या आहेत. म्हणजे जांभा महाग होणार. दुसरीकडे, या अधिसूचनेमुळे आपल्या राहत्या घराची डागडुजीही करता येणार नाही अशी भीती गावोगावी पसरवली गेली. प्रत्यक्षात मसुद्यातील बंदी 20 हजार चौरस मीटर व त्यापुढच्या मोठ्या बांधकामांवर आहे. राहत्या घरांच्या दुरुस्तीला व वाढीला त्यात मोकळीक आहे. दोन खोल्यांच्या घराला या कायद्याचे भय नाही, हे गावकऱ्यांना कोणीतरी समजावून सांगितले पाहिजे.

मग पर्याय कोणते? जुने घर पाडताना निघणारा चिरा, कौल आणि लाकूड भरावात न टाकता पुन्हा वापरणे हा पहिला. जागच्या मातीत पाच ते आठ टक्के सिमेंट मिसळून यंत्राने दाबलेले मातीचे ठोकळे हा दुसरा. त्यांना भट्टी लागत नाही. तिसरा म्हणजे विटा उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवण्याची रचना. लॉरी बेकर यांनी केरळात ती रूढ केली. तिच्यात सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात आणि पोकळीमुळे उष्णता आत येत नाही. बेकर 2007 साली वारले, पण 1985 साली सुरू झालेली ‘कॉस्टफोर्ड’ ही संस्था त्यांच्या पद्धतीची घरे बांधत आली आहे. केरळचा पाऊस आपल्यापेक्षा कमी नाही, हे शंकेखोरांनी ध्यानात घ्यावे. आपल्याच राज्यात वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने मातीच्या आणि कौलांच्या स्वस्त घरांवर अनेक वर्षे काम केले आहे. जिथे सिमेंटशिवाय चालतच नाही, तिथे राख किंवा मळी मिसळलेले सिमेंट घ्यावे. भाजलेली चिकणमाती आणि चुनखडी मिसळून केलेल्या नव्या सिमेंटलाही भारतीय मानक ब्युरोने 2023 साली मानक ठरवून दिले आहे, आणि त्यातून निघणारा कर्ब बराच कमी असतो.

अडचण तंत्राची कमी आणि मनाची जास्त आहे. आज स्लॅब म्हणजे प्रतिष्ठा. मुलीचा बाप स्लॅब बघतो, बँकेचा अधिकारी स्लॅब बघतो आणि घरकुलाची पाहणी करणाराही ‘पक्के’ म्हणजे सिमेंटचे असेच समजतो. ही समजूत गरिबांच्या घरांपासून बदलणार नाही. तालुक्यातील एखादी शाळा, एखादे सरकारी कार्यालय, एखाद्या प्रतिष्ठित व्यापाऱ्याचे घर अशा पद्धतीने उभे राहिले, तर लोक आपोआप पाहतील.

आणखी एक कर्ब आपल्या हिशेबात येत नाही, तो रस्त्यावरचा. गावात जागा न मिळाल्याने वीस-पंचवीस किलोमीटरवरून मोटरसायकलीने कामाला येणारा मुलगा वर्षभरात जे पेट्रोल जाळतो, त्याचा धूर घराच्या भिंतीत दिसत नाही. पण त्याच्या पगाराला त्याचे भोक पडलेलेच असते. कामाच्या जवळचे घर हे कर्बाच्या आणि पैशाच्या दोन्ही हिशेबांत स्वस्त असते. पुढे छपरावर सौर संच बसवायचा तर फेब्रुवारी 2024 च्या ‘सूर्य घर’ योजनेत दोन किलोवॉटपर्यंत दर किलोवॉटला 30 हजार रुपये अनुदान आहे.

इतरांनी काय केले?

हा प्रश्न फक्त आपल्याच वाट्याला आलेला नाही. कॅनडातील व्हिस्लर या बर्फावरच्या खेळांच्या गावाने 1997 साली स्वतंत्र गृहनिर्माण संस्था काढली. तिची घरे गावात काम करणाऱ्यांनाच विकत वा भाड्याने मिळतात, आणि पुन्हा विकताना भाव महागाईच्या निर्देशांकाइतकाच वाढवता येतो. त्यामुळे ती घरे सट्ट्यात जात नाहीत. स्वित्झर्लंडमध्ये मार्च 2012 मध्ये लोकांनी मतदानाने ठरवले, की कुठल्याही गावात सुट्टीची घरे 20 टक्क्यांपेक्षा जास्त असू नयेत. बार्सिलोना शहराने 2024 साली जाहीर केले, की पर्यटकांना अल्पकाळ भाड्याने दिल्या जाणाऱ्या सुमारे दहा हजार घरांचे परवाने नोव्हेंबर 2028 पर्यंत संपवण्यात येतील. या तिन्ही ठिकाणी पर्यटन बंद पडलेले नाही.

परदेश लांब वाटत असेल, तर सोलापूरकडे पाहावे. तेथील विडी कामगार महिलांनी संघटित होऊन कुंभारी येथे गोदूताई परुळेकर यांच्या नावाची 10 हजार घरांची वसाहत उभी केली. 2006 साली तिची घरे त्यांच्या ताब्यात आली. त्यानंतर असंघटित कामगारांसाठी रे नगरची 30 हजार घरांची योजना झाली आणि त्यांपैकी पहिली 15 हजार घरे 19 जानेवारी 2024 रोजी देण्यात आली. यंत्रमागावर काम करणारे, विडी वळणारे, कचरा वेचणारे लोक एकत्र येऊन जमीन आणि अनुदान मिळवू शकतात, तर मलकापुरात वीस-तीस कुटुंबांची एक सहकारी संस्था निघू नये असे काय आहे?

आमच्या सूचना

पहिली, नगरपरिषदेने आणि पर्यटनाच्या ग्रामपंचायतींनी आपल्या हद्दीतील शासकीय मोकळ्या जागांची यादी करावी आणि गावठाणवाढीत ठरावीक भाग इथे राहून काम करणाऱ्यांच्या घरांसाठी राखून ठेवावा. दुसरी, ही जागा विकून न टाकता सहकारी संस्थेला दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यावी आणि घर पुन्हा विकताना भावाला व्हिस्लरसारखी मर्यादा घालावी. तिसरी, विशिष्ट आकारापुढच्या हॉटेलाला परवानगी देताना कामगारांच्या निवासाची अट घालावी. स्वतः खोल्या बांधा किंवा निधीत पैसे भरा. चौथी, घरकुलाच्या मंजुरीत मातीच्या ठोकळ्यांचे व कौलारू घर ‘पक्के’ मानले जावे आणि तालुक्यातील गवंड्यांना त्याचे प्रशिक्षण मिळावे.

पाचवी सूचना आम्हा व्यापाऱ्यांसाठी आहे आणि ती थोडी कडू लागेल. आपल्यापैकी अनेकांनी गुंतवणूक म्हणून प्लॉट घेऊन ठेवले आहेत. त्यांत घर नाही, गवत वाढते आहे आणि भाव वाढण्याची वाट पाहिली जात आहे. हा भाव ज्या दिवशी वाढतो, त्या दिवशी आपलाच एक ग्राहक गाव सोडतो. प्लॉटच्या नफ्यातून दुकानाचा तोटा वजा केला तर काय उरते, याचा ताळेबंद प्रत्येकाने एकदा मांडावा. व्यापारी संघटनेने ठरवले तर दोन-चार प्लॉट रास्त भावात सहकारी संस्थेला देणे आपल्याला जड नाही. ज्याला द्यायचे नसतील त्याने निदान विरोध तरी करू नये.

उर्दू शाळेत आम्हाला एक अरबी म्हण घोटून घेतली होती, ‘शरफुल मकान बिल मकीन’. घराचा मान त्यात राहणाऱ्यामुळे असतो, असा तिचा अर्थ. विशाळगडच्या जहागिरीचे ठाणे मलकापुरात होते, तेव्हापासून हे बाजाराचे गाव आहे आणि बाजार माणसांवर चालतो. कुलूप लावलेले बंगले गावाचा मान वाढवत नाहीत आणि दुकानाची पायरीही चढत नाहीत.

राज्य शासनाने मे 2025 मध्ये ‘माझे घर, माझा अधिकार’ या नावाने नवे गृहनिर्माण धोरण मंजूर केले असून 2030 पर्यंत 35 लाख घरांचे उद्दिष्ट ठेवले आहे. त्यातली शे-दोनशे घरे आपल्या तालुक्याच्या वाट्याला यावीत असे वाटत असेल, तर मागणी आपल्याकडून गेली पाहिजे. नगरपरिषदेच्या येत्या अर्थसंकल्पाआधी व्यापारी, हॉटेलमालक, कामगार आणि शिक्षक यांनी एकत्र बसून जागांची यादी मागावी. यादी तयार झाली की पुढचे बोलणे सोपे होईल. ती तयारच झाली नाही, तर काही वर्षांनी मागण्यासारखी जागाच शिल्लक राहणार नाही.